सोयाबीन दरवर्षी विरळ उगवतंय? बॅग बदलायच्या आधी ओळ उकरून बघा

जून संपत आला की सगळीकडून एकच मेसेज येतो, "भाऊ सोयाबीन निम्मंच उगवलंय, बोगस बियाणं दिलं". मागच्या वर्षी एका कंपनीचं घेतलं, यंदा दुसऱ्या कंपनीचं घेतलं, दुकान पण बदललं, तरी ओळीत हातभर हातभर खंड. काही वेळा बियाणं खरंच बाद असतं, ते नाकारत नाही, २०२० च्या खरिपात अख्ख्या राज्यात तक्रारींचा ढीग लागला होता कारण २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळीच पाऊस लागून राहिला आणि बियाण्याचे प्लॉट शेंगेतच भिजले. पण दरवर्षी तेच होत असेल तर दोष फक्त बॅगेत शोधून भागत नाही. बी मारायला खूप जणांचे हात लागतात, मळणीवाला, हमाल, दुकानाचा पत्रा, तिफणीवरचा माणूस आणि पाऊस. कुठे मेलं ते बघितल्याशिवाय पुढच्या वर्षी पण पैसे जाणारच.

तर आधी उकरा. पेरणीनंतर आठ-नऊ दिवसांनी (चांगली ओल असेल तर सोयाबीन पाच-सहा दिवसात वर येतंच) शेतात जाऊन एक मीटरची काठी ओळीवर ठेवा आणि तेवढ्या मीटरमधली माती खुरप्याने हळू हळू बाजूला करा, घाई नको, नाहीतर कोंब तुटतो आणि तुम्हाला वाटतं आधीच तुटलेला होता. हिशोब असा आहे. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरलं तर एकरी ३० किलोत अडीच लाख दाणे होतात. ४५ सेंटिमीटरवर ओळी असतील तर एकरात अंदाजे ९ हजार मीटर ओळ बसते. म्हणजे मीटरला २८ च्या आसपास दाणे पडायला पाहिजेत आणि त्यातले २० उगवले तर ४५ बाय ५ सेंटिमीटरचं अंतर बरोबर जमतं. बघा, शिफारशीच्या ३० किलोतच ७० टक्के उगवण धरलेली आहे, शंभर टक्के कुणी धरलेलीच नाही.

आता मोजा. उगवलेली रोपं अधिक मातीत सापडलेले दाणे मिळून २८ च्या जवळ येत असतील तर बी पडलंय पण उगवलं नाही. दोन्ही मिळून १४-१५ च येत असतील तर बी पडलंच नाही किंवा पडलेलं कुणीतरी खाल्लं. सलग एकच ओळ कोरी आणि शेजारची भरलेली, असं असेल तर तिफणीचा बी पडायचा नळा चोंदला होता, त्यात बियाण्याचा काही दोष नाही. ओल्या रानात तिफण घातली की फणाच्या तोंडाशी माती भरते आणि चाड्यावर बी सोडणाऱ्या बाईला किंवा ट्रॅक्टरवाल्याला ते कळतपण नाही. कोंब वर येऊन दलं (दाण्याच्या दोन फाकी) कुरतडलेली, अर्धवट खाल्लेली दिसली तर पक्षी, वाणी म्हणजे पैसा किडा, नाहीतर गोगलगाय, लातूर-बीड-धाराशिव पट्ट्यात २०२२ ला गोगलगायींनी काय केलं ते सगळ्यांना माहितीय. पण हे सगळं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाऊनच दिसतं, दुपारी बाराला बांधावर उभं राहून नाही.

मातीत सापडलेला दाणा हातात घ्या, खरी गोष्ट तोच सांगतो.

दाणा कडक, कोरडा, टाकला तसाच असेल तर ओल पोचली नाही. सोयाबीनला मोड यायला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी प्यावं लागतं, मका-ज्वारीचं एक तृतीयांशाच्या आसपास पाण्यात भागतं. म्हणून एकाच पावसावर ज्वारी उगवून येते आणि शेजारचं सोयाबीन अडकतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो त्याचं कारण हे आहे. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट ओल, दाणा फुगतो, आत सगळी यंत्रणा चालू होते आणि मग आठ दिवस उघडीप. फुगून मुळी बाहेर पडलेला दाणा परत सुकला की संपला, तो पुन्हा काही उठत नाही.

दाणा मऊ, बोटाने दाबला की पिठासारखा फुटतो, वास मारतो, वर पांढरी नाहीतर काळपट बुरशी, तर दोन शक्यता. शेताच्या खोलगट भागातच असं असेल तर पाणी साचून गुदमरलंय. बी पण श्वास घेतं हो, उगवताना तर जोरात घेतं, मातीत पाणी भरलं की हवा संपते. पण उंचावरच्या भागात, निचऱ्याच्या जागी पण सगळीकडे असाच लगदा असेल तर बी टाकलं तेव्हाच मेलेलं किंवा मरायला टेकलेलं होतं, बुरशी नंतर आली.

तिसरा प्रकार, कोंब आलाय पण जाड झालाय, वाकडातिकडा, मातीच्या पापडीखाली आडवा पळतोय. ही खोलीची नाहीतर पापडीची गोष्ट. हरभऱ्याची दलं मातीत खालीच राहतात आणि फक्त शेंडा वर येतो, सोयाबीनचं तसं नाही, त्याची मान (मुळी आणि दलांच्या मधला देठ) वाकडी होऊन दोन्ही जाडजूड दलं ओढत वर आणते. एवढं ओझं घेऊन चार सेंटिमीटर माती फोडायची म्हणजे चेष्टा नाही. त्यात पेरल्यावर लगेच दणकून पाऊस आणि मग तीन दिवस कडक ऊन, वर पापडी धरते आणि खाली मान तुटते. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली पेरू नका, ट्रॅक्टरची पेरणी बहुतेक वेळा यातच फसते कारण मऊ रानात फण खाली जातो आणि मागे वळून कोण बघतं. पापडी धरली असेल आणि तुषार सिंचनाचा सेट असेल तर एक हलकं पाणी द्या, मऊ झाली की निघतात बरीच.

चौथा प्रकार ओळखायला शिका, कारण हा बॅगेतला दोष आहे. रोप वर आलंय पण एकच दल आहे, किंवा दलांवर आडव्या चिरा, किंवा दलं आहेत आणि मधला शेंडाच नाही. हा मार लागलेला दाणा. सोयाबीनचा दाणा डोळ्याच्या बाजूने नीट बघा, सालीखाली मुळीचा उंचवटा स्पष्ट दिसतो, अगदी कडेला, वर फक्त पातळ साल. थ्रेशरचा दात, पोतं आपटणं, उंचावरून फेकणं, सगळ्याचा मार नेमका तिथेच बसतो. गव्हाचा दाणा असली आदळआपट सोसतो, सोयाबीन नाही सोसत. वरून दाणा पिवळाधमक आणि आत मोडलेला.

हे तपासायला लॅब लागत नाही. शंभर दाणे साध्या पाण्यात टाका आणि पाच-दहा मिनिटांनी बघा. साल शाबूत असलेला दाणा एवढ्यात फारसा बदलत नाही. ज्याच्या सालीला चीर आहे तो भराभर पाणी पिऊन फुगतो, साल सुरकुतून सैल होते. असे दहाच्या वर निघाले तर मी तरी ते बी बियाणं म्हणून वापरणार नाही. हे भिजवलेले दाणे नंतर पेरायचे नाहीत, फेकून द्या. आणि पेरणीच्या आधी रात्रभर बी भिजत घालायचा सल्ला कुणीतरी देतच असतो, तो सोयाबीनला लावू नका. खूप वाळलेला दाणा एकदम पाण्यात गेला की आतल्या पेशींचे पडदे फाटतात, अन्नरस बाहेर गळतो आणि त्यावर बुरशी ताव मारते.

आता टॅगकडे. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोक म्हणतात "पायाभूत आणलं, दुप्पट पैसे दिले, तरी उगवलं नाही". अहो पायाभूत म्हणजे जास्त उगवणारं असं नसतंच. बियाण्याचा वर्ग वंशावळ सांगतो. विद्यापीठातला पैदासकार स्वतःच्या देखरेखीत मूळ बियाण्यापासून जे तयार करतो ते पैदासकार बियाणं, टॅग पिवळा. त्याच्यापासून पायाभूत, टॅग पांढरा. त्याच्यापासून प्रमाणित, टॅग निळा. पायाभूत आणि प्रमाणित ही दोन्ही बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेच्या तपासणीतून जातात, आपल्याकडे तिचं मुख्यालय अकोल्याला आहे, महाबीजचं (राज्याचं बियाणे महामंडळ) पण तिथेच. आणि सत्यप्रत म्हणजे हिरवं लेबल, तिथे प्रमाणीकरण यंत्रणा नसते, कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देते की आत काय आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे, लेबल मात्र सक्तीचं, सरकारने अधिसूचित केलेल्या जातीच्या बियाण्याला किमान दर्जा पाळावाच लागतो.

मग वर्गावर्गात फरक कशात? सोयाबीनच्या पायाभूत प्लॉटमध्ये भेसळीची झाडं ०.१० टक्क्याच्या वर चालत नाहीत, प्रमाणितमध्ये ०.५० पर्यंत चालतात. उगवण मात्र दोन्हीला किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता दोन्हीला ९८ आणि ओलावा साध्या पिशवीत १२ टक्क्यांच्या वर नको. गव्हाला किमान ८५ उगवण लागते, हरभऱ्याला पण ८५, आणि सोयाबीनला ७०, म्हणजे कायद्यानेच मान्य केलंय की हे नाजूक बी आहे. तुम्हाला धान्यासाठीच पेरायचं असेल तर पायाभूतवर जादा पैसे घालायची गरज नाही, प्रमाणित पुष्कळ झालं. पुढच्या वर्षीचं बियाणं घरी करायचं असेल तर पायाभूतचा अर्थ आहे. पांढरा टॅग बघून उगवण चांगली असेल हे मात्र डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट टॅगवरची तारीख. लॅबमध्ये चारशे दाणे ओल्या कागदात किंवा वाळूत, ठरलेल्या तापमानाला ठेवतात आणि आठव्या दिवशी मोजतात. त्या दिवसापासून नऊ महिने ते प्रमाणपत्र चालतं. समजा चाचणी फेब्रुवारीत झाली आणि ७४ टक्के आली. मग मार्च, एप्रिल, मे, पत्र्याचं गोडाऊन, बाहेर ४३-४४ अंश, आत विचारू नका. जूनमध्ये टॅग कायद्याने वैध आहे आणि आतलं बी कुठे पोचलंय ते कुणालाच माहीत नाही. वर लॅबमध्ये पापडी नाही, चिखल नाही, बुरशी नाही, सगळे लाड. ७४ टक्के म्हणजे लाडात वाढवल्यावर ७४. शेतात त्यातली जोमदार पोरंच टिकतात, हा जोम टॅगवर कुठेच छापलेला नसतो. दोन लॉट (एकत्र तयार झालेल्या बॅगांचे गट) दोन्ही ७५ टक्क्यांचे आणि शेतात एक ६८ आणि दुसरा ४५, हे होऊ शकतं.

सोयाबीनच इतकं का मरतं? तेल १८-२० टक्के आणि प्रथिनं ४० च्या आसपास. तेल उष्णतेत खवट होतं, तसं बियाण्यातलं तेल पण बिघडतं आणि पेशींचे पडदे आधी खराब होतात. साठवणुकीतला हॅरिंग्टनचा एक ढोबळ नियम आहे, ओलावा एक टक्का कमी झाला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट, तापमान पाच अंशाने उतरलं की परत दुप्पट. उलटं करून बघा, १२ च्या ऐवजी १४ टक्क्यांवर पोती भरली तर आयुष्य एक चतुर्थांश. बहुतेक घरचं बी इथेच मरतं, दिवाळीच्या गडबडीत ओलसर मळणी आणि लगेच थप्पी.

घरचं बी ठेवा, मी त्याच्या बाजूनेच आहे. सोयाबीन स्वपरागी आहे, परक्या परागाची भेसळ एक टक्क्याच्याही खाली, एकदा प्रमाणित आणलं की दोन-तीन वर्षं घरचं चालतं, दरवर्षी बॅगेला पैसे घालायचं कारण नाही. संकरित मका-कपाशीत हे जमत नाही, ते वेगळं. पण बियाण्याचा प्लॉट आणि विकायचं सोयाबीन वेगळं धरा. बियाण्याच्या तुकड्यातली वेगळ्या फुलाची, वेगळ्या लवीची झाडं उपटा. काढणीनंतर पावसात भिजलेलं बियाण्याला ठेवू नका, कितीही मोह झाला तरी. हार्वेस्टरने काढलेलं पण नको. मळणी १३-१४ टक्के ओलाव्यावर, ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास. मळणीवाला ऐकणार नाही, त्याला पोत्यावर पैसे मिळतात, त्याला वेग पाहिजे, म्हणून बियाण्यापुरती दोन-चार पोती त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या किंवा सरळ ताडपत्रीवर बडवून काढा. सावलीत वाळवा, ज्यूटच्या पोत्यात भरा, खतांच्या प्लास्टिक गोणीत नको. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून लांब, पाच-सहा पोत्यांच्या वर थप्पी नको आणि खत-युरिया त्याच खोलीत ठेवू नका. पोतं उचलून ठेवायचं, आपटायचं नाही, हमालाला दहा वेळा सांगावं लागतं.

२०२० नंतर उन्हाळी सोयाबीन वाढलंय ते पण याच कारणाने, एप्रिल-मेमध्ये निघालेलं बी थेट जूनला पेरायला मिळतं, उन्हाळा गोडाऊनमध्ये काढावा लागत नाही. दाणा जरा बारीक पडतो पण उगवणीला त्याने बिघडत नाही, उलट टपोऱ्या दाण्याच्या जातीच मार लवकर खातात.

आता मे महिन्यात करायचं काम. घरचं असो का दुकानाचं, चाचणी करायचीच. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा, पिळून घ्या म्हणजे पाणी टपकायला नको. पोत्यातले वरचे चांगले दाणे निवडून घ्यायचे नाहीत, तळातून, मधून, वरून मूठ मूठ काढून मिसळा आणि न निवडता शंभर मोजा. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यात बोटभर अंतर, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडा, बदाबदा ओतू नका. सात-आठ दिवसांनी उलगडा. मोजताना फसवून घेऊ नका, मोड दिसला की उगवलं असं धरायचं नाही. मुळी लांब आणि तिला फाटे, मान सरळ आणि निरोगी, दोन्ही दलं शाबूत, मधला शेंडा जागेवर, एवढं असेल तरच एक. आखूड मुळी, फुगीर वाकडी मान, चिरलेली दलं, हे बाद. तीन वेळा करा आणि सरासरी घ्या.

७० किंवा वर आलं तर ३० किलो. ६५ आलं तर साधारण साडेबत्तीस, ६० आलं तर ३५. ६० च्या खाली गेलं तर किलो वाढवत बसू नका, ते तेलाला विका. कारण खाली घसरलेल्या लॉटमधले उगवणारे पण कमजोर असतात.

बीजप्रक्रियेचं थोडक्यात. आधी बुरशीनाशक, कार्बोक्झिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम, मग लागत असेल तर कीटकनाशक, आणि रायझोबियम-पीएसबी (नत्र आणि स्फुरद मिळवून देणारी जिवाणू खतं) सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दोन-तीन तास आधी, सावलीत. बॅगेतलं बी आधीच प्रक्रिया केलेलं असेल तर लेबल वाचा आणि परत बुरशीनाशक चोळू नका. आणि "चोळा" असं सगळे म्हणतात पण चोळायचं नसतंच, ताडपत्रीवर हलवून माखायचं, नाहीतर साल तिथेच निघते.

उगवण कमी झालीच तर लगेच दुबार पेरणीची घाई नको. दहा ठिकाणी मीटर मोजा. मीटरला दहा-बारा रोपं, पण सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर सोयाबीन फांद्या काढून बरंच भरून काढतं, रान मोडण्यापेक्षा नांग्या (रिकाम्या जागा) बी टाकून भरलेल्या बऱ्या. मोठे सलग पट्टे कोरे असतील तर गोष्ट वेगळी.

आणि उकरून बघितल्यावर दोष बॅगेचाच वाटला तर रान मोडायच्या आधी तक्रार द्या, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते, रानच मोडलेलं असेल तर ती काय बघणार. पक्कं बिल, टॅग, लेबल, रिकामी पिशवी आणि मूठभर शिल्लक बी, एवढं जपा. पिशवी टॅग फाडून नाही, खालच्या बाजूने उघडा. बिलावर लॉट नंबर लिहिलाय का ते दुकानातच बघा, कच्च्या चिठ्ठीवर कुणी उभं करत नाही. शेजाऱ्याने तोच लॉट पेरलाय का विचारा, त्याचं पण तसंच असेल तर दोघांचे अर्ज एकत्र द्या आणि त्याचं छान उगवलं असेल तर आधी आपली तिफण आणि खोली तपासा. पंचनाम्यात उगवणीचा आकडा, पेरणीची तारीख, पाऊस आणि खोली लिहिली आहे का ते सही करायच्या आधी वाचा. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाता येतं, शेतकरी हा ग्राहकच आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१२ ला राष्ट्रीय बीज निगमच्या केसमध्ये सांगितलेलं आहे, तेव्हा दुकानदार म्हणाला की बियाण्यावर ग्राहक कायदा लागत नाही तर ऐकू नका.